अजगराचे पथ्य

आमच्या भागात अजगराला तीन नावे आहेत. पुस्तकात तो अजगर, घाट उतरून कोकणात गेले की आर, आणि कित्तूर-धारवाडच्या बाजूला हेब्बावू. हेब्बावू म्हणजे मोठा साप, एवढेच. कानडीने त्याच्यावर कसलाही आळ घेतलेला नाही. संस्कृतने मात्र त्याचे जेवणच नावात घातले. अज म्हणजे बोकड, आणि बोकड गिळतो तो अजगर. मराठीने त्यापुढे जाऊन त्याला आळशी ठरवले. ‘खाऊन अजगरासारखा पडलाय’ हे वाक्य उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्याने ऐकले नाही असा मुलगा मला अजून भेटायचा आहे.

भागवताच्या अकराव्या स्कंधातला अवधूत तेवढा वेगळा. त्याने चोवीस गुरू केले, त्यांत एक अजगर. आपोआप समोर येईल ते, गोड असो वा बेचव, थोडे असो वा पुष्कळ, खाऊन घ्यावे. न आले तर तक्रार न करता पडून राहावे, ही त्याची शिकवण. एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत विस्ताराने लिहिले, त्यामुळे हा गुरू आपल्या घराघरांत पोचला. मी मराठीचा शिक्षक, वर्गात हे अनेकदा सांगितले आहे. पण अवधूताचा अजगर रानातला होता. ज्याच्या पुढ्यात काहीच आपोआप येत नाही, जे येते ते माणूस हातात धरून आणतो, त्या पिंजऱ्यातल्या अजगराने काय करावे? आणि त्या माणसाने काय करावे?

हा विचार माझ्या डोक्यात घातला तो नववीतल्या एका मुलीने. काही वर्षांपूर्वी सहलीत आम्ही एक प्राणिसंग्रहालय पाहायला गेलो होतो. अजगराच्या काचेपाशी नेहमीप्रमाणे मुलांची झुंबड होती आणि अजगर नेहमीप्रमाणे हलत नव्हता. रखवालदार म्हणाला, ‘ह्याला आम्ही महिन्यातून एकदा घालतो.’ मुले हसली. ही मुलगी हसली नाही. तिने विचारले, ‘मामा, उरलेले दिवस त्याला भूक लागत नाही?’

तिची आई चार घरची धुणीभांडी करत असे, आणि शाळेतले दुपारचे जेवण ही मुलगी कधी चुकवत नसे, हे मला ठाऊक होते. त्यामुळे प्रश्न साधा नव्हता. वनपर्वात अजगर झालेला नहुष भीमाला विळखा घालून धर्मराजाला प्रश्न विचारतो, आणि उत्तरे बरोबर आली तेव्हाच विळखा सोडतो. इथे अजगर गप्प होता, पण विळखा तोच.

रखवालदार मात्र अडखळला नाही. ‘बाळ, भूक लागली की ते सांगतंय. संध्याकाळचं फिराय लागतंय, जीभ काढून वास घेतंय. गप पडलंय म्हणजे अजून पोटात हाय.’ मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, ‘सर, ह्याच्या आधीच्याला दर आठवड्याला घालत होते. लोकांना मोठा अजगर बघायला आवडतंय. शेपटीकडं खांबासारखा झालता. गेला. चिरलं तर आत नुसती चरबी.’

घरी परतल्यावर मी या विषयावरचे जे हाती लागले ते वाचत गेलो. अजगराचे पोट आपल्यासारखे नाही, ही पहिली गोष्ट. आपले दुकान दिवसभर उघडे असते. अजगर दोन जेवणांच्या मधे दुकान बंद करून ठेवतो. जठरातले आम्ल थांबते, आतडे आक्रसते. भक्ष्य गिळले की सारी भट्टी पुन्हा पेटवावी लागते. एक-दोन दिवसांत आतड्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते, यकृत आणि मूत्रपिंडे वाढतात, प्राणवायूचा खप कित्येक पटींनी चढतो. सेकोर आणि डायमंड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ब्रह्मी अजगरावर केलेल्या प्रयोगांतून 1990 नंतरच्या दशकात हे उघडकीला आले. 2005 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी तर जेवणानंतर 48 तासांत त्याचे हृदय 40 टक्क्यांनी वाढल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्या काही प्रयोगांत हा आकडा एवढा मोठा आला नाही, पण हृदयावर पडणारा भार सर्वांनाच दिसला. काम संपले की हे अवयव पुन्हा लहान होतात. म्हणजे ज्याला आपण ‘पडलाय’ म्हणतो, तो तेव्हा मैदानावर धावणाऱ्या मुलाइतका राबत असतो. हे वाचल्यापासून मी शाळेत ती उपमा वापरणे सोडले.

या यंत्राला उसंत लागते. उसंत न देता पुढचे जेवण आत ढकलले, की नको असलेले सारे चरबी होऊन पोटाच्या पोकळीत साठते, मग यकृतात शिरते. सापाची चरबी मुख्यतः आत असते, त्यामुळे ती चटकन दिसत नाही. पाहणाऱ्याला वाटते, काय तेजस्वी जनावर आहे! जाणता माणूस मात्र वळण घेताना त्याच्या अंगावर पडणाऱ्या घड्या पाहतो, खवले एकमेकांपासून दूर जाऊन मधली कातडी उघडी पडली आहे का ते पाहतो. उलट पाठीचा कणा धारेसारखा वर आला, दोन्ही बाजू खोल गेल्या, तर ती उपासमार. उपास आणि उपासमार यांत फरक असतो, आणि तो अंगावर हात फिरवून कळतो. वजनकाटा आणि तारीखवार वही असली तर अधिकच.

मग खायला काय द्यावे? ‘चरबी नको’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बिनहाडाचे मऊ मांस येते. अजगराच्या बाबतीत तसे केले तर त्याचे वाटोळे होईल. त्याला प्राणी अख्खा लागतो. हाडांतून कॅल्शियम, यकृतातून जीवनसत्त्वे, सारे एका घासात. फक्त तो प्राणी स्वतः लठ्ठ नसावा. पिंजऱ्यात बसून खाऊन सुटलेल्या थोराड उंदरापेक्षा बेताचा ससा बरा. भक्ष्य मारलेलेच द्यावे. जिवंत उंदीर कोपऱ्यात सापडला की अजगरालाच चावून जबर जखमा करतो. पिंजऱ्यात तीस अंशांच्या आसपास ऊब हवी, नाहीतर गिळलेले आतच कुजते आणि अजगर ते ओकून टाकतो. पिल्लांना आठवड्याने द्यावे लागते, कारण त्यांना वाढायचे असते. पूर्ण वाढलेल्या मोठ्या अजगराला तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरते, काहींना त्याहूनही उशिरा. कात टाकण्याआधी डोळे निळसर होतात, तेव्हा तो बहुधा खात नाही. थंडीत खात नाही. मीलनाच्या काळात नर तोंड फिरवतो. अशा वेळी आग्रह करायचा नाही.

आणि आग्रह हीच तर आपली अडचण! पानावर बसलेल्याला ‘आता पुरे’ म्हणू देणे हा आपल्याकडे यजमानाचा पराभव समजतात. उपासाचीही आपण ‘दुप्पट खाशी’ करून टाकली. पण हा रोग केवळ आपला नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ‘बेबी’ नावाची ब्रह्मी अजगराची मादी होती. 182.8 किलो वजनाची, बंदिवासातली सर्वांत जड सापीण म्हणून गिनेस बुकात तिची नोंद झाली. लांबी 8 मीटरांहून अधिक सांगत. 2006 मध्ये ती मेल्यावर मापली तर भरली 5.74 मीटर. आता दुसरे टोक पाहा. फ्लोरिडाच्या दलदलीत माणसांनीच आणून सोडलेल्या ब्रह्मी अजगरांनी तिथल्या वन्य जीवांचा फडशा पाडला आहे. त्यांतली एक मादी, तिथे तोवर सापडलेली सर्वांत जड, 2022 मध्ये जाहीर झाली. लांबी सुमारे 5.4 मीटर, पोटात 122 अंडी आणि हरणाच्या खुरांचे अवशेष. वजन 98 किलो. अख्खे हरीण खाणारी रानातली मादी 98, आणि लांबीने तिच्याहून जेमतेम फूटभर मोठी असलेली, माणसांनी मायेने भरवलेली 183.

मायेने म्हटले, कारण मला ते दुष्टपणाचे वाटत नाही. ज्याला बोलता येत नाही, ओळख दाखवता येत नाही, शेपूट हलवता येत नाही, त्याच्याशी नाते जोडायला पाळणाऱ्याकडे भरवण्याखेरीज साधन तरी कोणते उरते? तोंड उघडून तो घास घेतो, तेवढाच त्याचा प्रतिसाद. त्याची ओढ लागणे समजू शकते. म्हणूनच महिनाभर रिकाम्या हाताने जाऊन नुसते पाहून येणारा तो रखवालदार मला मोठा वाटतो.

आपल्याकडे घरी अजगर पाळता येत नाही हे चांगलेच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. उसाच्या फडात सापडला तर वनखात्याला कळवावे, आणि तोवर त्याच्यापुढे कोंबडी टाकू नये. पोट फुगलेला असेल तर मुळीच डिवचू नये. जिवावर बेतले तर पळण्यासाठी तो गिळलेले ओकून टाकतो.

राहता राहिली मादी. ती अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि अंगाचे स्नायू सतत आखडत राहून, म्हणजे थरथरून, त्यांना ऊब देते. 1841 मध्ये व्हॅलेन्सिएन या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातल्या मादीबद्दल हे लिहिले, तेव्हा अनेकांना ते खरे वाटले नाही. थंड रक्ताचा प्राणी ऊब कुठून आणणार? ही बैठक दोन महिन्यांच्या आसपास चालते आणि त्या काळात ती बहुधा काहीच खात नाही. पिल्ले अंडी फोडून बाहेर येतात, आपापल्या वाटेने जातात, आणि मग ती उठते. तिचे वजन बरेच उतरलेले असते, कातडी सैल पडलेली असते. पाहणाऱ्याला वाटते, आता हिला भरपूर द्यावे. पण आतले दुकान इतके दिवस बंद होते. तिच्यापुढे पहिल्या दिवशी ठेवायचा तो लहानसा ससा, आणि पुढच्यासाठी आठ-दहा दिवस थांबायचे.