कणगीचे तोंड

आमच्या गडचिरोलीकडे दिवाळी म्हणजे नव्या धानाचे दिवस. घरातली कणगी भरू लागली की मला बाबा आठवतात, आणि बाबांबरोबर सर्पगंधेचे मूळ.

सर्पगंधा आमच्या रानातलीच. लहानसे झुडूप, पण जाणती माणसे तिचे मूळ सर्पदंशावर देत, भ्रमिष्टाला शांत करायलाही देत. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ते रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन पाहिले आणि १९४९ साली आपला अनुभव ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या मासिकात प्रसिद्ध केला. जगाचे डोळे या मुळाकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले.

मी शाळकरी असताना बाबांना त्याचीच गोळी सुरू झाली. रक्तदाब उतरला. आम्ही देवापुढे साखर ठेवली. पण हळूहळू बाबाही उतरत गेले. भजनात टाळ धरणारा माणूस ओसरीवर मुका बसू लागला.

एका संध्याकाळी शेतावरून परतताना अस्वल आडवे आले. ते निघून गेले तरी माझी छाती धडधडत होती. मी बाबांचे मनगट धरले, तर नाडी आपली संथ!

“बाबा, तुमाले भेव नाई वाटला?”

“भ्यावाले बी जोर लागते बाप्पा. तो आता नाई रायला.”

पुढे नागपूरच्या एका डॉक्टरांनी मला उलगडून सांगितले. हृदयाकडे जाणाऱ्या नसांच्या टोकांशी इवल्या कणग्या असतात. त्यांत नॉरअ‍ॅड्रेनलिन साठवलेले असते. संकट आले की ते सांडते आणि हृदय दौडू लागते. रेसर्पिन या कणग्यांचे तोंडच बंद करते. नवा माल आत जात नाही, बाहेर राहिलेला नासतो. कणगी रिती होते. हृदय संथ चालते, दाब उतरतो. स्वीडनच्या कार्लसन आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली सशांच्या हृदयात हा रितेपणा दाखवून दिला. मेंदूतल्या कणग्याही अशाच रित्या होतात. म्हणून काहींचे मनही खचते.

गोळीला मी दोष देत नाही. दुसरे औषध फारसे नव्हते त्या काळी तिने पुष्कळांना तारले. बाबांनीही ती मनाने सोडली नाही. डॉक्टरांनीच बदलून दिली. रिती कणगी एका दिवसात भरत नाही. काही आठवडे गेले.

त्या पाडव्याला गायगोधन पाहताना मागे फटाका वाजला. बाबा दचकले, छातीवर हात ठेवला आणि खदखदून हसले.

“भेलो ना बाप्पा!”

आमची दिवाळी त्या क्षणी सुरू झाली.