एक जून

आमच्या पिढीच्या मास्तरांनी अर्धे गाव एकाच दिवशी जन्माला घातले. अतिशयोक्ती वाटेल त्याने भंडारा जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या शाळेचे दाखलखारीज रजिस्टर उघडून पाहावे. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून अशी रांगच्या रांग दिसेल. शाळेत घालायचे तर सहा वर्षे पुरी हवीत, हा नियम, आणि आईला विचारावे तर ती सांगणार, "रोवणीच्या दिवसांत झाली जी." कोणत्या सालची रोवणी, हे तिलाही ठाऊक नसे. मग मास्तर पोराच्या उंचीकडे पाहत, दुधाचे दात पडलेत का ते पाहत, आणि टाक दौतीत बुडवीत. मीही बुडविला.

अशीच एक १ जूनची मुलगी २०२५ च्या पावसाळ्यात माझ्या ओसरीवर येऊन बसली. आता तिला नातवंडे आहेत. उभा जन्म विड्या वळण्यात आणि दुसऱ्यांच्या बांधीत रोवणी करण्यात गेलेला. नवरा अंथरुणाला खिळलेला. तिने श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला होता. त्याला पासष्ट वर्षे पुरी लागतात. तिच्या आधारपत्रावर जन्मतारीख १ जून १९६१, म्हणजे चौसष्ट. अर्ज परत आला.

"गुरुजी, माही उमर तुमीच लिवली होती ना जी?" ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती.

लिहिली होती. १९६७ साली बापाचे बोट धरून ती शाळेत आली, तेव्हा मी बावीस वर्षांचा नवा मास्तर होतो. पोरगी लहानखुरी, हाडे वर आलेली. मी सहा वर्षे धरली. धाकटी भावंडे सांभाळण्यात तिची तीन वर्षे आधीच गेली होती आणि पोटभर न मिळाल्याने ती खुजी राहिली होती, हे मला कळले नाही. तिची उपासमार मी लहान वय म्हणून नोंदविली.

खरे वय कुठून कळले, तेही सांगतो. आमच्या भागात पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर ठाण्यावर कळवी. त्या नोंदींची 'कोतवाल पंजी' आज मुख्यतः जात पडताळणीच्या वेळी लोकांना आठवते. तिच्या भाच्याने त्यासाठीच नक्कल काढली, तर तिच्या बापाच्या नावापुढे जुलै १९५८ मधली एक ओळ निघाली: मुलगी. एवढेच. तेव्हा बारसेही झालेले नसणार. नाव कोण लिहिणार?

म्हणजे या बाईच्या जन्माची नोंद तीन ठिकाणी आहे. कोतवालाच्या वहीत तारीख खरी, पण नाव नाही. माझ्या रजिस्टरात नाव आहे, पण तारीख खोटी. आणि तिसऱ्या ठिकाणी नाव, खोटी तारीख आणि वर बारा आकडी क्रमांक. तिघांत वजन कुणाचे, ते सांगायला नको.

त्या क्रमांकाला सरसकट नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातला पहिला आधार क्रमांक एका आदिवासी बाईच्या हाती पडला, तेव्हा मला आनंदच झाला होता. आमच्याकडच्या कितीतरी बायकांच्या नावे आयुष्यात एक कागद नव्हता. सातबारा नवऱ्याचा, घर सासऱ्याचे. त्या क्रमांकावर त्यांचे बँकेत खाते उघडले. सरकारचा पैसा मधल्या कुणाचा हात न लागता त्यात येऊ लागला. हे उपकार विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

पण साक्षीदार चांगला आहे म्हणून त्यालाच न्यायाधीश करावे काय? त्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो. लिहिताना एखादा आकडा चुकला की तो लगेच चुगली करतो. मोठी हुशारीची योजना आहे. मात्र क्रमांकाच्या मागे माझ्यासारख्या मास्तराने चुकीचे वय लिहिले असेल, तर चुगली करील असा आकडा अजून कुणाला सापडलेला नाही.

अंगठ्याचेही तसेच. आमच्या लहानपणी अंगठा उठविणे ही शरमेची गोष्ट होती. अंगठेबहाद्दर ही शिवी होती. आता शिकलेला-अडाणी सगळेच रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवतात. पण जिने पन्नास वर्षे तेंदूच्या पानावर बोटे घासली, तिच्या बोटांवर रेषा कुठल्या उरणार? तिने हात पुढे केला तेव्हा मी पाहिला. बोटांची टोके नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली आहेत. तीन-तीनदा दाबूनही यंत्र तिला ओळखत नाही, आणि ओळखणारा दुकानदार समोर बसलेला असतो!

ही भीती आपल्यालाच वाटली असे नाही. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा क्रमांक १९३६ पासून देऊ लागले. १९४६ पासून पुढे त्या पत्रावर 'हे ओळखीसाठी नाही' अशा अर्थाची ओळ छापत. लोकांनी ती वाचली नाही. ओळखीसाठी सर्रास तोच क्रमांक मागू लागले. १९७२ साली ती ओळच काढून टाकली. सोयीपुढे छापील ताकीद टिकत नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा उचलून धरला. सरकारी अनुदानांसाठी क्रमांक मागता येईल. पण बँकखाते आणि मोबाईल यांना त्याची सक्ती करता येणार नाही, असे कुंपण घातले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळे मत दिले. क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे तर कायद्यातच आहे. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका दाव्यात सांगितले की आधारपत्र हा जन्मतारखेचाही पुरावा नव्हे. हे वाचून मला हायसे वाटले. पुढे वाचले, तेव्हा मात्र घाम फुटला. वय ठरविण्यासाठी न्यायालयाने ग्राह्य मानला होता तो शाळा सोडल्याचा दाखला! फिरून फिरून गाडी माझ्या टाकापाशीच आली.

म्हणून मला वाटते, एका क्रमांकाने सगळी दारे उघडावीत ही हौस आवरावी. जी किल्ली सगळी दारे उघडते, ती वाकडी झाली तर सगळी दारे एकदम बंद होतात. कोतवालाची वही असू द्या, शाळेचा दाखला असू द्या, शेजाऱ्याची साक्ष असू द्या. एकाने चूक केली तर दुसरा सांगेल. आणि चूक दुरुस्त करण्याचे दार क्रमांक देण्याच्या दाराइतकेच रुंद ठेवा. आधारवरची जन्मतारीख नियमाने एकदाच बदलता येते, तीही कागद दाखवून. आणि तिच्या खऱ्या कागदावर तिचे नावच नाही.

तिला घेऊन मी कचेरीत गेलो. १९६७ साली हिचे वय मी अंदाजाने लिहिले, ते चुकले, असे प्रतिज्ञापत्र मी केले आहे. पुढे काय होईल ते अजून कळायचे आहे. प्रतिज्ञापत्र घेणाऱ्या तरुण कारकुनाने, मी म्हणजे मीच हे ठरविण्यासाठी, माझे आधारपत्र मागितले. ते पाहता पाहता तो हसला.

"गुरुजी, तुमचापण एक जूनच?"

मी काय सांगणार? मलाही कुठल्याशा मास्तरांनीच शाळेत घातले होते. ती बाजूच्या बाकावर बसली होती. पदर तोंडाला लावून हसू दाबीत होती. तीन वर्षे माझ्याकडे शिकली, पण तिला हसताना मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.