माळव्याच्या पाहुण्यासंगे दोन दिवस

ज्या गावात आपण राहतो ते गाव आपण क्वचितच पाहतो. रोजचा रस्ता, रोजची वेस, रोजचे देऊळ यांवरून नजर नुसती घसरत जाते. मग कोणी परगावचा स्नेही येतो, बोट दाखवून ‘हे काय?’ असे विचारतो, आणि त्याला उत्तर देण्यासाठी आपल्याला थांबून पाहावे लागते. गेल्या पौषात इंदूरचे एक स्नेही आमच्याकडे निपाणीस येऊन गेले. शनिवार आणि रविवार असे दोनच दिवस त्यांच्या हाती होते. त्या दोन दिवसांत सीमाभागाचा जो तुकडा आम्ही हिंडलो, त्याचे हे वर्णन. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्यात कदाचित आपल्या घरचेही काही सापडेल.

या स्नेह्यांचा आणि माझा परिचय २००० सालचा. त्या वर्षी य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावास साहित्य संमेलन भरले होते. हे तेथे श्रोते म्हणून आले होते. त्यानंतर पत्रव्यवहार राहिला, भेट मात्र झाली नाही. होळकरशाहीत त्यांचे पूर्वज माळव्यात गेले आणि तेथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी त्यांची चाल. येतानाच त्यांनी कळविले होते, “तुम्ही न्याल तिकडे येईन, पण सुळेभावी मात्र दाखवा.” सुळेभावी हे बेळगावजवळचे खेडे कुमार गंधर्वांचे जन्मस्थान. ज्या देवासला कुमारांनी आयुष्य काढले ते इंदूरपासून तासाभराच्या वाटेवर. त्यामुळे हा हट्ट मला समजण्यासारखा होता.

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. पाहुण्यांना घरी बसवून ठेवणे बरे नव्हे म्हणून त्यांना शाळेत घेऊन गेलो. शाळा कर्नाटक शासनाची आणि माध्यम मराठी, ही गोष्टच त्यांना प्रथम नवलाची वाटली. चौथीच्या वर्गात त्यांनी मुलांना फळ्यावर आपापले नाव लिहावयास सांगितले. एका मुलीने खडू घेतला आणि नाव तीनदा लिहिले : मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. कोणी तसे करावयास सांगितले नव्हते. तिला ते सहज वाटले. पाहुणे बराच वेळ त्या तीन ओळींकडे पाहत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “माझा नातू घरात उत्तम मराठी बोलतो. पण मराठी पुस्तक हाती दिले, तर म्हणतो, आजोबा, तुम्हीच वाचून दाखवा.” मी काही बोललो नाही. पट दरवर्षी कसा उतरतो आहे आणि इंग्रजी शाळांच्या गाड्या आमच्या दारावरून मुले कशी घेऊन जातात, हे मलाही त्यांना सांगावयाचे होते. पण ते संध्याकाळसाठी राखून ठेवले.

दुपारी निपाणी पाहिली. निपाणी म्हणजे तंबाखू, हे समीकरण फार जुने. गावात शिरताच तंबाखूच्या वखारी आणि त्यांचा तो नाकाला झोंबणारा वास. या काळ्या रानात पिकणारा तंबाखू मुख्यतः विडीचा. एका वखारीत बायका पाला निवडीत होत्या. तोंडाला पदर बांधलेला, भोवती तपकिरी धूळ. पाहुण्यांना दोन ठसके लागले, पण ते हलले नाहीत. विडीचे पान टेंभुर्णीचे, आणि ते येते मुख्यतः मध्य भारतातल्या जंगलांतून, हे मी सांगताच ते हसले. “म्हणजे आमच्याकडचे तेंदूपान आणि तुमचा तंबाखू यांची सोयरीक फार दिवसांची आहे तर!” ही सोयरीक गरिबांच्या कष्टांवर उभी आहे, हे वखारीत उभे राहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

याच निपाणीजवळ १९८१ च्या मार्च-एप्रिल महिन्यांत तंबाखूच्या दरासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले होते. शरद जोशी त्या आंदोलनाचे नेते. ६ एप्रिल रोजी पोलिसांचा गोळीबार झाला आणि १२ शेतकरी प्राणास मुकले. त्या रस्त्यावर बसलेल्यांत मराठी बोलणारे होते, तसे कन्नड बोलणारेही होते. तंबाखूचा भाव दोन्ही भाषांत सारखाच कमी होता. आज त्या रानातून उसाचे प्रमाण वाढले आहे, तरी वखारींची निपाणी पुरती पालटलेली नाही.

गावाला लागूनच अर्जुननगर आहे. तेथले देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात मोडते. निपाणीची मुले सकाळी कर्नाटकातून निघतात, महाराष्ट्रात शिकतात आणि दुपारच्या जेवणाला पुन्हा कर्नाटकात येतात. पाहुणे सीमारेषा शोधू लागले. रस्ता तोच होता, झाडे तीच होती; केवळ पाट्यांची लिपी बदलत होती.

बेळगावकडे निघालो की पाच-सहा किलोमीटरवर तवंदीचा घाट लागतो. तेथे स्तवनिधी हे जैनांचे क्षेत्र आहे. डोंगराच्या कुशीत पार्श्वनाथाचे मंदिर, जवळच क्षेत्रपाल ब्रह्मदेव. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा येथेच स्थापन झाली. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या साऱ्या बाजूंनी भाविक येतात. मंडपात एक कुटुंब बसले होते. आजी कन्नडमध्ये नातीला रागावत होती आणि नात मराठीत उत्तरे देत होती. भांडण अगदी व्यवस्थित चालले होते.

येथून उजव्या-डाव्या हाताला आणखी पुष्कळ होते. चिकोडीकडे वळलो असतो तर एकसंबे हे जी. ए. कुलकर्णी यांचे जन्मगाव पाहता आले असते. जी. एं.नी धारवाडला राहून, इंग्रजी शिकवून, मराठी कथा लिहिली. आणि त्याच धारवाडात घरी मराठी बोलणाऱ्या द. रा. बेंद्रे यांनी कन्नड कवितेला नवे रूप दिले. वेळ नव्हता म्हणून एकसंबे दुरूनच नमस्कारून पुढे गेलो. संकेश्वर मागे पडले, वंटमुरीचा घाट ओलांडला आणि दिवे लागणीला बेळगावात पोहोचलो.

या शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी असे आहे. प्राचीन लेखांत ते वेणुग्राम म्हणून येते. रात्री जेवणात मांडे होते. उपड्या खापरावर भाजलेला तो पातळ मांडा घडी घालून ताटात आला, तेव्हा पाहुण्यांनी माळव्यातल्या बाफल्यांचा अभिमान तात्पुरता बाजूला ठेवला. जेवणानंतर शाळेच्या पटाची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी इंदूरच्या मराठी घरांची सांगितली. दोन्ही गोष्टी एकाच वळणाच्या होत्या.

रविवारी सकाळी लवकर किल्ल्यात गेलो. किल्ल्यातील कमलबस्ती हे जैन मंदिर १२०४ मधील. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा अधिकारी बिचिराज याने ते बांधविले. मंडपात उभे राहून वर पाहावे तर छतातून उलटे उमललेले दगडी कमळ खाली आले आहे. पाकळ्या बहात्तर : भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतील चोवीस-चोवीस तीर्थंकरांसाठी. याच जिनालयाच्या दानांचे कन्नड शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत लाट देशाच्या, म्हणजे गुजरातेच्या, आणि मलयाळी व्यापाऱ्यांचाही उल्लेख येतो. आठशे वर्षांपूर्वीही या पेठेत एकच भाषा ऐकू येत नसली पाहिजे. किल्ल्यातील सफा मशिदीच्या खांबांवर तर रट्टांचे आणि देवगिरीच्या यादवांच्या काळचे लेख आहेत. जुन्या मंदिराचा दगड, आदिलशाहीतली मशीद, १८१८ नंतरची इंग्रजांची छावणी आणि आजचे लष्कर, असे थरावर थर तेथे बसले आहेत. १८९२ साली स्वामी विवेकानंद बेळगावास आले, तेव्हा त्यांचा काही दिवस ज्या घरात मुक्काम होता तेही किल्ल्यातच आहे. आता तेथे रामकृष्ण आश्रम आहे.

परतताना टिळकवाडीची काँग्रेस विहीर पाहिली. १९२४ च्या डिसेंबरात येथे राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. पाण्याच्या सोयीसाठी तेव्हा ही विहीर खणली गेली. गंगाधरराव देशपांडे हे अधिवेशनाचे कर्ते पुरुष. त्यांना महाराष्ट्रही आपला म्हणतो आणि कर्नाटकही.

मग मोटार खानापूरकडे वळली. काळे रान संपून तांबडी माती, भाताची खाचरे आणि पुढे सह्याद्रीचे जंगल सुरू झाले. वाटेत नंदगड. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शूर सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी येथे फाशी दिले. त्याच्या समाधीजवळच्या वडापाशी नवसाचे लाकडी पाळणे वाहण्याची रीत आहे. रायण्णा कन्नड, नंदगडची बहुतेक घरे मराठी. पाळणे दोन्ही भाषांतल्या आया वाहतात. मूल मागताना कोणी वीराची मातृभाषा विचारीत नाही.

हलशी हे आज लहानसे खेडे आहे, पण कदंब राजांच्या काळी ते पलाशिका या नावाची राजधानी होते. पाचव्या-सहाव्या शतकांतील मृगेशवर्मा, रविवर्मा, हरिवर्मा यांचे संस्कृत ताम्रपट येथे सापडले. फ्लीटने ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांत जैन मंदिरांना दिलेली दाने नोंदलेली आहेत. आज उभे असलेले भूवराह-नरसिंहाचे देऊळ मात्र बाराव्या शतकातील, गोव्याच्या कदंबांच्या वेळचे. दोन गाभारे समोरासमोर. एकीकडे नरसिंह व विष्णू, दुसरीकडे पृथ्वीला उचलून धरणारा वराह. मधल्या मंडपात उभे राहिले की दोन्ही देव दिसतात आणि कोणाकडे पाठ करावी हा प्रश्न पडतो. पाहुण्यांनी तो तिरके उभे राहून सोडविला. देवळाबाहेर एका म्हातारबाबांनी आम्हांला पाणी दिले. राज्ये गेली, भाषा आल्या-गेल्या, देऊळ तेवढे राहिले, असे मी काहीसे मास्तरी थाटात म्हणालो. त्यावर ते म्हणाले, “देऊळ राहतंय, सर. रोज कोण तरी दिवा लावतंय म्हणून राहतंय.”

उन्हे कलताना बेळगाव ओलांडून पूर्वेला सुळेभावीस गेलो. लक्ष्मीचे देऊळ, विणकरांची घरे, मागांचा एकसारखा ताल. ८ एप्रिल १९२४ रोजी येथे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी या मुलाचा जन्म झाला. घरची भाषा कन्नड. गाणे शिकला मुंबईला देवधर मास्तरांकडे. क्षयाने गाठले म्हणून कोरड्या हवेसाठी १९४८ साली देवासला गेला आणि माळव्याच्या बायकांची लोकगीते ऐकत बरा झाला. मराठी रसिकांनी त्याला घरातला मानले. पाहुणे देवळाच्या पायरीवर बसले. “देवासच्या टेकडीखाली त्यांचे घर आहे,” ते म्हणाले, “तेथून मी शेकडो वेळा गेलो असेन. तो माणूस इतक्या लांबून आला होता हे आज कळले.” मागांचा आवाज चालू होता. रात्रीच्या गाडीने ते पुण्याकडे गेले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्या निर्णयाची सल येथील मराठी मनात आहे आणि ती खोटी नाही. महाराष्ट्राने २००४ साली केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याचा निकाल न्यायालय देईल. परंतु भाषेचा निकाल कोणत्याही न्यायालयात लागत नाही. तो घरात लागतो. शेजाऱ्याची भाषा शिकल्याने आपली उणावते, हे या मुलखात तरी खरे ठरलेले नाही. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द आपण कन्नडकडूनच घेतले, आणि विठोबाला तर संतांनी प्रेमाने ‘कानडा’ म्हटले. आपली भाषा उणावते ती वाचली नाही म्हणजे.

इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, बनारस येथील मराठी घरांना मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या चौथीतल्या मुलीला मराठी टिकविण्यासाठी तीन लिप्या गिरवाव्या लागतात. तुमच्या मुलांना देवनागरी हिंदीच्या शाळेतच येते. अर्धी वाट त्यांनी न मागता चाललेली आहे. उरते ते एवढेच, की घरात मराठी पुस्तक असावे आणि दिवसातून एक पान मुलाने मोठ्याने वाचावे. चुकले तर चुकू द्यावे; आजोबांनी ते पान हातातून काढून घेऊ नये. पाहुण्यांना मी हेच लिहिले. परवा त्यांच्या पत्राखाली वेगळ्या, मोठ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. ‘मांडे’ या शब्दावरचा अनुस्वार राहून गेला होता.