मले माईक दे ना वं!

हेडफोन्स चार्ज करून ठेवा. रात्री सीएसएमटीवरून सुटणाऱ्या अमरावती एक्स्प्रेसमध्ये बसायचं आणि बर्थवर आडवं झालं की प्लेलिस्ट लावायची. अट एकच, फक्त मुलींचं रॅप! सुरुवात डी एमसीपासून करा. कल्याणमध्ये वाढलेली ही दीपा उन्नीकृष्णन २०१९च्या 'गली बॉय'मध्येही दिसली होती. मग वाइल्ड वाइल्ड विमेन, मुंबईतला फक्त मुलींचा हिपहॉप ग्रुप. एकीची भाषा दुसरीला यायलाच हवी, असा हट्टच नाही. आणि शेवटी माही जी, म्हणजे मधुरा घाणे. महादेव कोळी या आदिवासी समाजातली ही मुलगी 'जंगलचा राजा'मध्ये आपल्या माणसांबद्दल थेट मराठीतून बोलते. 'मराठीत रॅप म्हणजे कॉमेडी' असं ज्यांना वाटतं, त्यांना आधी हे ऐकवा.

एवढं कानात भरून घेतलं की पहाटे अकोला स्टेशनवर पाय ठेवायचा. आता म्हणाल, रॅप ऐकायला वऱ्हाडात कशाला? तर रॅप म्हणजे शेवटी ठेक्यावर बोलणंच. गोड गळा नसला तरी भागतं, जिभेत धार पाहिजे. आणि ती धार इथे प्लॅटफॉर्मवरच्या चहावाल्यापासून सुरू होते. 'काय करून रायला बे?' मुलगी असेल तर 'काय करून रायली वं?' मला म्हणजे 'मले', तुला म्हणजे 'तुले', कशाला म्हणजे 'कायले'. यमक शोधायला लागतच नाही, व्याकरणच जुळवून देतं! शिवाय वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा झाला 'डोया', शाळा झाली 'शाया'. जड अक्षर गेलं, जीभ मोकळी सुटली. माझा आवडता शब्द 'माया'. इथे 'माया' म्हणजे 'माझ्या', आणि 'माया' म्हणजे मायासुद्धा. एका शब्दात दोन अर्थ. याला रॅपवाले पंच म्हणतात, वऱ्हाडी बाया रोजचं बोलणं म्हणतात.

अकोल्यात उन्हाळ्यात जाऊ नका, हे मात्र मनापासून सांगते. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी कलम १४४ लावलं होतं. दंगल-मोर्चा काही नाही, नुसतं ऊन! माही जीचं उष्णतेच्या लाटेवरचं रॅप, 'हीटवेव्ह', कपाशीच्या या मुलखात ऐकलं की वेगळंच लागतं. एसी ऑफिसात बसून ते 'इश्यू'वरचं गाणं असतं. इथे रुमाल बांधून शेतात निघालेल्या बायका दिसल्या की गाणं कुणाबद्दल आहे ते कळतं.

अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे अमरावती साधारण १०० किलोमीटर. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज रेकॉर्ड झाला. एसटीची खिडकी पकडा, बाकी रस्ता आपोआप सरतो.

अमरावतीत पोहोचल्यावर आधी गिला वडा, मग गप्पा. (वजनाचा हिशोब सोमवारी.) माईकचं म्हणाल तर हे शहर फार जुनं. गाडगेबाबा याच जिल्ह्यातले, त्यांची समाधीही इथेच. अस्सल वऱ्हाडीत समोरच्या गर्दीला प्रश्न विचारायचा आणि उत्तर गर्दीकडूनच वदवून घ्यायचं, अशी त्यांच्या कीर्तनाची पद्धत. हिपहॉपवाले आज याला कॉल अँड रिस्पॉन्स म्हणतात. तुकडोजी महाराज नुसत्या खंजिरीवर सभा धरून ठेवायचे, आणि ती खंजिरी १९५५ मध्ये त्यांनी जपानलाही नेली. १९२७ मध्ये अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या लढ्यासाठी बाबासाहेब इथे आले होते. इर्विन चौकात त्यांच्या पुतळ्यापाशी १४ एप्रिलला जी गर्दी होते, ती भीमगीतांच्या ठेक्यावर हलत असते. अमरावतीचा विपिन तातड आज आंबेडकरी रॅप करतो, तो याच हवेतला.

पण यादी पुन्हा वाचा. सगळे पुरुष!

बायकांचा माईक शोधायचा तर चौक सोडून गल्लीत शिरावं लागतं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत इथे भुलाबाई बसते. भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती, टिपऱ्यांचा नाहीतर टाळ्यांचा ठेका आणि पोरींची गाणी. या गाण्यांत काय काय आहे! सून माहेरी आलीय, न्यायला एकेक जण येतो आणि ती एकेकाला परत पाठवते. सासू, नणंद, दीर, कुणीही सुटत नाही. नाव घेऊन टोपी उडवायची, तेही ठेक्यात, तेही मैत्रिणींच्या समोर. रॅपमध्ये याला डिस म्हणतात आणि त्यावर लाखो व्ह्यूज मिळतात. इथे त्यावर फक्त खिरापत मिळायची, आणि लग्न झालं की आवाज बंद. माझ्या मते मुद्दा इथेच आहे. शब्द, ठेका, राग, सगळं बायकांकडे होतंच. फक्त अंगणाच्या बाहेर ते न्यायची मुभा नव्हती. माही जीनं किंवा वाइल्ड वाइल्ड विमेननं नेमकं हे अंगण ओलांडलंय.

वऱ्हाडी बोलीत दर्यापूरच्या प्रतिमा इंगोले यांनी कथा लिहिल्या, लोकसाहित्य गोळा केलं. पण टीव्हीवर वऱ्हाडी आली ती बहुतेक हशा वसूल करायलाच. भारत गणेशपुरेंचं टायमिंग सॉल्लिड आहे, वादच नाही! पण त्याचा साइड इफेक्ट असा, की पुण्याच्या आयटी पार्कात अकोल्याची मुलगी सीरियसली बोलायला लागली तरी समोरचे आधीच हसायच्या तयारीत. मग ती सहा महिन्यांत 'मले'चं 'मला' करते. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये तर करतेच करते. म्हणून मला वऱ्हाडीतलं पोरींचं रॅप हवंय. रागानं म्हटलेलं, ज्यावर कुणाला हसायची हिंमत होणार नाही असं.

जायचं तर कोजागिरीच्या आसपास जा. ऊन उतरलेलं असतं, कापूस फुटायला लागलेला असतो आणि संध्याकाळी गल्लीतून टाळ्या ऐकू येतात. गाणी संपली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. तिखट की गोड, इथपासून प्रश्न सुरू होतात. परतीचं तिकीट मात्र आधीच काढा, दिवाळीच्या तोंडावर या गाडीला वेटिंग लय असतं.