वाडेकरांचा अंदाज

कॅप्टनला आतून काहीतरी जाणवलं, असं समालोचक सहज म्हणून जातात. भारतीय क्रिकेट संघाचे एकेकाळचे कॅप्टन अजित वाडेकर यांचं नेतृत्व बघितलं, तर या 'आतून'च्या मागे बरंच काही बाहेरचं सापडतं.

फेब्रुवारी १९७१, वेस्ट इंडिज दौऱ्यातलं किंग्स्टन. कसोटीचा पहिला दिवस पावसात गेला. मग ५ बाद ७५ अशा पडझडीतून दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावांनी भारत ३८७ पर्यंत पोचला, आणि वेस्ट इंडिज २१७ मध्ये आटोपला. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला २०० लागतात, पण पहिला दिवस वाया गेला की सामना चार दिवसांचा धरतात आणि १५० पुरतात. वाडेकरांनी वेस्ट इंडिजचे कॅप्टन सोबर्स यांना पुन्हा बॅटिंगला उतरायला सांगितलं, तेव्हा सोबर्स चकित झाले म्हणे. पावसाळ्यातच खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमध्ये वाढलेल्या मुंबईकराच्या हा नियम ध्यानात राहावा, यात नवल कसलं! सामना अनिर्णित राहिला, पण समोरचा बलाढ्य संघ गडबडू शकतो हे सगळ्यांनी पाहिलं.

पुढची पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी. सलीम दुराणींनी स्वतःहून बॉल मागितला, अशी आठवण सांगतात. कॅप्टनने तो दिला. दुराणींनी सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि त्यांच्याच बॉलवर लॉइडचा झेल खुद्द वाडेकरांनी घेतला. वेस्ट इंडिजविरुद्धच्या पंचविसाव्या कसोटीत भारताला पहिला विजय मिळाला. बॉलरचा आत्मविश्वास कधी खरा आणि कधी नुसता उत्साह, हे ओळखायला स्कोअरबुक पुरत नाही. त्याच्यासोबत वर्षानुवर्षं खेळावं लागतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडविरुद्धच्या ओव्हलच्या विजयात मात्र चंद्रशेखरच्या ३८ धावांत ६ बळींचंच कौतुक होतं. त्या डावातला बेदींचा आकडा बघावा: एक ओव्हर, एक धाव, एक बळी. बेदींसारखा बॉलर हाताशी असताना त्याला जवळजवळ बाजूला ठेवायचं आणि ज्याला वेस्ट इंडिज दौऱ्यावर नेलंच नव्हतं त्या चंद्राला एका टोकाने टाकू द्यायचं! चंद्राचे बॉल चालत होते, म्हणून कॅप्टनने बॉलर बदलण्याचं चक्र फिरवलं नाही. इंग्लंड १०१ मध्ये गारद, भारत चार विकेट्सनी विजयी.

तीनच वर्षांनी, १९७४ मध्ये, हाच कॅप्टन इंग्लंडमध्ये ०-३ हरला. लॉर्ड्सवर सगळा संघ ४२ धावांत कोसळला. समोरून बॉल स्विंग होत असताना पॅव्हेलियनमधल्या कॅप्टनच्या पारखेला फारसं काही करता येत नाही. वाडेकरांना त्यानंतर पश्चिम विभागाच्या संघातही जागा मिळाली नाही.