न जिंकता येणारा गेम



गेम म्हटलं की आपल्या कपाळावर आठी पडते. माझ्याही पडते. "मॅडम, याच्या हातातला मोबाईल तेवढा सोडवा" हे ऐकलं नाही अशी एकही पालकसभा मला आठवत नाही. त्यामुळे आज मी व्हिडिओ गेमची बाजू घेतेय म्हटल्यावर तुम्ही हसाल. हसा, पण वाचा.

गेमचं नाव 'पॅसेज'. जेसन रोहरर या अमेरिकन माणसाने तो २००७ मध्ये तयार केला. फुकट मिळतो, ५ मिनिटांत संपतो. वर्गात दाखवायला काहीतरी छोटं हवं होतं म्हणून सुट्टीत मी तो घरच्या लॅपटॉपवर घेतला. उघडून बघते तर काय, पडद्यावर नुसती एक चिंचोळी पट्टी! आडवे १०० ठिपके, उभे फक्त १६. त्यात ठिपक्यांचाच एक माणूस. सूचना नाहीत, लेव्हल नाहीत, कोणी अंगावर येत नाही. मी आपली उजवीकडे जात राहिले. मधे काय आलं, काय गेलं याकडे लक्षही दिलं नाही. माणूस म्हातारा झाला आणि मेला. त्याच्या जागी एक थडगं. संपला गेम! "हे काय, अर्धवटच सोडलंय," असं म्हणून मी तो बंद केला.

हेच वाक्य मी त्याच्या थोडं आधी वर्गात बोलले होते. ते सांगते.

आमच्या शाळेत मुलांना स्क्रॅच शिकवतो. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे की प्रोग्रॅम तयार. चौथीच्या मुलांना स्वतःचा गेम करायला सांगितला होता. बहुतेकांनी सफरचंद पकडायचे, चेंडू अडवायचे गेम केले. एकाने मात्र ट्रक काढला होता आणि ट्रकच्या मागे स्क्रॅचमधलं ते नारिंगी मांजर. बटण दाबलं की मांजर पळतं, रस्ता मागे सरकतो, ट्रक मात्र तेवढाच लांब. मी दोन मिनिटं बटण दाबलं आणि म्हणाले, "अरे, हे पोचतच नाही. स्कोअर कुठंय? अर्धवट आहे हे. नीट कर." त्याने मान डोलावली.

आता परत 'पॅसेज'कडे येते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये पहिल्यांदा १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. पॅक-मॅन, टेट्रिस यांच्या रांगेत हा 'पॅसेज'सुद्धा होता. मोठ्यांनी वाखाणलं म्हणजे चांगलं असं मी मानत नाही. पण आपलंच बघायचं राहिलं की काय, अशी शंका आली आणि पुन्हा उघडला.

या वेळी घाई केली नाही. सुरुवातीला माणूस पट्टीच्या डाव्या टोकाला असतो, पुढचं सगळं धूसर. वय वाढतं तसा तो उजवीकडे सरकतो आणि मग मागचं धूसर होत जातं. वाटेत एक बाई उभी असते. तिला जाऊन भेटलं की ती सोबत चालू लागते आणि चालण्याचे गुण दुप्पट मिळतात. पण खाली खजिन्याच्या पेट्या आहेत, तिथल्या काही वाटा इतक्या अरुंद की दोघांना मावत नाहीत. एकट्यालाच जाता येतं. सोबत घ्यायची की पेट्या शोधायच्या, हे कोणी विचारत नाही, तुमचे पाय ठरवतात. शेवटी शेवटी ती मरते. त्यानंतर माणूस इतका हळू चालतो, की मी बटण जोरात दाबून बघितलं. काही उपयोग होत नाही. गुण वर कोपऱ्यात दिसत असतात, पण ते मोजावेसेच वाटेनात.

म्हणजे पहिल्यांदा मी गेम खेळलेच नव्हते, संपवला होता.

सगळेच छोटे गेम असे निघतात असं नाही हं. रॉड हंबलचा 'द मॅरेज' हा त्याच वर्षीचा गेम. निळा चौकोन, गुलाबी चौकोन आणि काही वर्तुळं. संसार म्हणे! त्याला मी तीनदा संधी दिली, मला तो भिडला नाही. तुम्हाला कदाचित भिडेल. पण तीनदा दिली म्हणून हे मी ठामपणे सांगू शकते, पहिल्याच खेळात नसतं सांगता आलं.

सुट्टीनंतर शाळा भरली. त्या मुलाला बोलावलं. दिवाळीनंतर त्याचे आईवडील ऊसतोडीला गेले होते. टोळीचा ट्रक शाळेसमोरच्याच रस्त्याने गेला होता. तो आजीजवळ राहिला. हे सगळं मला माहीत होतं हो, हंगामी वसतिगृहाच्या यादीत त्याचं नाव मीच लिहिलं होतं.

त्याने नवा गेम उघडून दाखवला. आता मांजर ट्रकला गाठतं, ट्रक थांबतो, १० गुण मिळतात, 'मी जिंकलो' अशी अक्षरं येतात. याच गेमला मी सगळ्यांसमोर शाब्बासकी दिली होती.

"आधीचा कुठंय रे?"

"त्याच फाईलवर सेव्ह केला मॅडम."

"परत तसा करून दाखवशील? मला नीट खेळायचाय."

तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"नको मॅडम," तो म्हणाला. "आता पोचतंय ना ते."