बाईंच्या हाताची गोष्ट

मुलांनो, ही संक्रांतीच्या दिवशीची गोष्ट आहे. त्या दिवशी आमच्या शाळेत मधल्या सुट्टीनंतर कोणाचेच अभ्यासात लक्ष नसते. मुले घरून डब्यात तिळगूळ आणतात. आधी बाईंना द्यायचा, मग एकमेकांना. मी तिसरीला शिकवते. माझ्या टेबलाभोवती नुसती झुंबड उडाली होती. "बाई, माझा आधी!" "बाई, आमचा घरी केलेला आहे!"

तेवढ्यात एक मुलगा पुढे आला. त्याचे नाव सांगत नाही, कारण हा अंक तोही वाचतो. मी हात पुढे केला. त्याने माझ्या मनगटाकडे पाहिले, लाडू हळूच टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला.

"अरे, हातात दे ना," मी म्हटले.

तो मान खाली घालून पुटपुटला, "आई म्हणली, बाईंच्या हाताला हात लावू नको. चट्टे येतात."

वर्ग एकदम गप्प झाला. मी बाही खाली ओढली आणि उगाचच हसले. पण तो लाडू काही त्या दिवशी माझ्या घशाखाली उतरला नाही.

मला सोरायसिस आहे. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी कोपरावर रुपयाएवढा लाल चट्टा उठला. त्यावर चांदीसारखे पांढरे पापुद्रे. मला वाटले, गजकर्ण असेल. मेडिकलच्या दुकानातून मनानेच मलम आणून लावले. चट्टा तेवढ्यापुरता गेला आणि मलम थांबवल्यावर दुप्पट होऊन परत आला. शेजारच्या एका आजींनी आईला बाजूला घेऊन हळूच विचारले, "महारोग तर नव्हे ना?" आईच्या डोळ्यांत पाणीच आले.

शेवटी आम्ही त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळ्यात आधी काय केले, सांगू? हातमोजा न घालता माझ्या चट्ट्यावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "हा एकाचा दुसऱ्याला होत नाही. हा महारोग नाही. आणि महारोग असता तरी रडायचं कारण नव्हतं. त्यावर औषध आहे, तो पूर्ण बरा होतो." पूर्वी डॉक्टरांचाही या दोन आजारांत घोटाळा होत असे. १८४१ साली व्हिएन्नातल्या फर्डिनांड हेब्रा या डॉक्टरांनी ते दोन्ही अगदी वेगळे आहेत, हे स्पष्ट केले.

हे सगळे मला इतकी वर्षे ठाऊक होते. तरी मी काय केले? भर मे महिन्यात लांब बाह्यांचे ब्लाउज घातले. कोणी विचारले तर "भाजलंय" म्हणून वेळ मारून नेली. संक्रांतीच्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आले, की आजार लागत नाही हे मी कधी कोणाला सांगितलेच नाही. मग त्या मुलाच्या आईला कळणार कसे? तिने आपल्या लेकराची काळजी केली, एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले, पुस्तक मिटून ठेवले आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या.

"आज याचाच धडा," मी म्हटले.

मुले टकमक पाहू लागली. मी विचारले, "तुमची आई भाकरी कशी करते?" सगळ्यांचे हात वर! "आधीची भाजून उतरली, की दुसरी तव्यावर. आता समजा, आईला भलतीच घाई झाली. एक भाजायच्या आत दुसरी, तिच्यावर तिसरी. काय होईल?"

"कच्च्या भाकऱ्यांची चवड!"

"बरोबर. आपली कातडी अशीच खालून वर सारखी नवी होत असते. तिला सुमारे महिना लागतो. माझ्या चट्ट्यांच्या जागी ती चार-पाच दिवसांतच वर येते. जुनी गळायच्या आत नवी हजर. त्याचीच ही चवड. आणि ही घाई का? आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारे राखणदार असतात. माझ्या राखणदारांचा गैरसमज झालाय. चोर नसतानाच ते काठ्या घेऊन धावतात, म्हणून कातडी लाल होते. यात जंतूच नाही, तर तो तुमच्याकडे येणार कुठून?"

मग प्रश्नांचा पाऊस पडला. "बाई, दुखतं का?" खाज सुटते, थंडीत भेगा पडल्या की दुखतेही. "दुधाबरोबर मासे खाल्ले म्हणून झालं का?" नाही. "तुम्हाला एकटीलाच आहे?" नाही रे, जगात कोट्यवधी लोकांना आहे. २९ ऑक्टोबर हा जागतिक सोरायसिस दिन असतो. "कधी जाणार?" मुळापासून घालवणारे औषध अजून सापडलेले नाही, पण डॉक्टरांच्या औषधाने तो ताब्यात राहतो.

"मग तुम्ही काय करता?" एकीने विचारले. तेही सांगितले. कढत पाण्याने नाही, कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ करायची. साबण सौम्य. पंचाने खसाखसा पुसायचे नाही, नुसते टिपून घ्यायचे. अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचे, म्हणजे ओलावा आत टिकतो. स्वेटरच्या आत सुती कपडा. नखे कापलेली. पापुद्रे ओढायचे नाहीत आणि खाजवायचे तर मुळीच नाही, कारण जिथे ओरखडा उठेल तिथेही नवा चट्टा येऊ शकतो. ताण वाढला की हा आजारही बळावतो. "म्हणजे आम्ही दंगा केला की?" एकाने विचारले, आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले.

एक चिमुरडी जवळ आली. तिने एका बोटाने माझ्या कोपराला हात लावून पाहिला आणि जाहीर केले, "चिकूसारखं लागतंय!" मग रांगच लागली. तो मुलगा मात्र बाकावरून उठला नाही. मीही त्याला बोलावले नाही.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना त्याची आई फाटकाशी उभी होती. "बाई, उद्या हळदीकुंकवाला या," एवढेच म्हणाली. मी गेले. माझ्या कपाळावर, केसांच्या कडेला एक चट्टा आहे. कुंकवाचे बोट तिथवर आले आणि क्षणभर थांबले. मग तिने चट्टा सांभाळून मधोमध हळदीकुंकू लावले आणि हातात हात घेऊन तिळगूळ दिला. "ह्यानं घरी येऊन भाकरीची गोष्ट सांगितली," ती म्हणाली. तो दाराआडून पाहत होता.

माझे चट्टे अजून आहेत. या थंडीत जरा वाढलेतच. पण बाह्या आता आखूड आहेत.

मुलांनो, तुमच्या वर्गातही कोणाच्या हातावर, मानेवर असे काही असेल. त्याच्या बाकावरून उठून जाण्याआधी त्याला एकदा विचारा, "दुखतं का रे?" आणि ते तुमच्याच हातावर असेल, तर बाही ओढू नका. सांगून टाका.